डोक्यावरचा डोळा

माणसाला डोळे दोन, असा माझा बँकेत चिकटेपर्यंत समज होता. वीस वर्षं काउंटरवर काढल्यावर मला तिसरा डोळा फुटला. शंकरासारखा कपाळावर नव्हे. टाळूवर, केस संपले तिथं. मान खाली घालून मी आकडेमोड करीत असतो. समोरचा उजेड जरा मंदावला की समजायचं, गिऱ्हाईक आलं. मान वर न करता हात पुढं करायचा. स्लिप आपोआप हातात पडते.

अक्कलकुव्याला बदली झाली तेव्हा सामानाबरोबर हा डोळाही आणला. त्याला शास्त्राचा आधार आहे, हे मात्र कन्येमुळं कळलं. मी पडलो बी. कॉम.! प्राणिशास्त्राशी आमचा संबंध झुरळापुरता, तोही चपलेमार्फत. एकदा खिडकीतल्या गांधीलमाशांच्या पोळ्यावर झाडू घेऊन सरसावलो, तर अकरावी सायन्सवाली ओरडली, "बाबा, जपून! पाच डोळे असतात तिला!"

दोन मोठे, हजारो भिंगांचे. उरलेले तीन टाळूवर, मोहरीहून बारीक, अगदी साधे. त्यांना चेहरामोहरा काही कळत नाही. उजेड किती नि अंधार किती, एवढंच समजतं. उडताना तोल सांभाळायला तेवढं पुरतं.

"म्हणजे बँकेत लागायला हरकत नाही," मी म्हणालो.

काही डोळ्यांना तर तेवढंही दिसत नाही. भिरभिरी जातीच्या फुलपाखरांच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. पक्षी दचकतो, नाहीतर पंखाच्या कडेवर चोच मारतो आणि जीव बचावतो. त्यांतल्या एका जातीत तर पावसाळ्यात पंखाच्या खालच्या बाजूलाही डोळे असतात आणि कोरड्या दिवसांत तीच बाजू वाळक्या पानासारखी दिसते. आमच्याकडं इन्स्पेक्शनच्या हंगामात डोळे उमटतात. बाकी वर्षभर वाळकं पान.

हा ठिपक्यांचा खेळ सिंहालाही फसवतो म्हणे. बोट्स्वानात 683 गुरांच्या पार्श्वभागावर डोळे रंगवले; त्यांतलं एकही सिंहानं मारलं नाही. न रंगवलेल्या 835 पैकी 15 गेली. 2020 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मला नवल वाटलं नाही. जेवणानंतर चष्मा कपाळावर चढवून डुलकी घ्यायची, म्हणजे लांबून माणूस जागा वाटतो, हा प्रयोग मी कितीतरी आधी यशस्वी केला होता!

होळीला आम्ही सहकुटुंब मोलगीकडच्या काठीला गेलो. रात्रभर नाच आणि होळी पेटते पहाटे. अंगावर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले दुधी, डोक्यावर मोरपिसांचे टोप. मोराच्या पिसाऱ्यात दीडशेच्या आसपास डोळे. इथं तर हजारो डोळे ढोलाच्या तालावर हलत होते. मी भान हरपून बघत होतो.

"साहेब, तू इकडं?"

शेजारी एक म्हातारी उभी होती. कपाळावर गोंदण, चेहऱ्यावर ओळखीचं हसू. मी गोंधळलो.

"ओळखलं नाही? दर महिन्याला येते ना तुझ्याकडं. श्रावणबाळचे पैसे घ्यायला."

दीड वर्ष येत होती. तिचा अंगठा मला पाठ होता. तिरका, खालून पुसट उमटणारा. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही सांगितले असते. चेहरा मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. हजारो मोरपिसांच्या डोळ्यांदेखत मला मान खाली घालावीशी वाटली.

"बाबा, या आजी कोण?" कन्येनं विचारलं. मला नाव सांगता येईना. तिनंच सांगितलं आणि नातवाकडून चार दाळ्या माझ्या हातावर ठेवल्या.

पुढच्या महिन्यात उजेड मंदावला. टाळूनं वर्दी दिली. मी चष्मा नाकावर घेतला आणि मान वर केली.

"या आजी. नातू कसा आहे?"

तिनं नातवाची सर्दी, लगीन झालेली पोर, कोंबड्या, सगळं सांगितलं. रांगेत मागून कोणीतरी खेकसलं, "ओ साहेब, आटपा की लवकर!"

मी त्याच्याकडंही नीट पाहिलं. तोही दीड वर्षं येत असावा.