तेलाचा डाग

आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नकोच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली. आमच्या घराण्यात घाणा चालवणारे शेवटचे गृहस्थ म्हणजे माझे आजोबा. अलिबागकडच्या आमच्या गावात त्यांचा घाणा होता. वडील मुंबईला नोकरीस आले आणि तो बंद पडला. मी स्वतः तेलाच्या धंद्यात कधी पडलो नाही. माझे आयुष्य गेले थंडीच्या धंद्यात. तरी सिडनीत एका जुन्या ट्रकने मला आजोबांची आठवण करून दिली, ती हकीकत आज लिहीत आहे. यात बढाई मारण्याचा हेतू नाही. उलट, त्यापूर्वी तीन वेळा मी काय केले, तेही कबूल करायचे आहे.

मुंबईत मी माझगावच्या एका बर्फाच्या कारखान्यात काम शिकलो. ससून डॉकवर मासळीच्या टोपल्यांवर पडणारा बर्फ अशाच कारखान्यांतून जाई. तिथे यंत्रात अमोनिया असे. अमोनियाचा एक गुण मोठा: तो गळू लागला की लपून राहत नाही. डोळ्यांतून पाणी येते, नाक झोंबते. नेमकी जागा शोधायची तर गंधकाची पेटती काडी सांध्याजवळ न्यायची. जिथे पांढरा धूर उठेल तिथे गळती. चोर स्वतःच ओरडून आपला पत्ता सांगतो, असे आमचे वस्ताद म्हणत.

१९७९ साली आम्ही सिडनीला आलो. मुंबईच्या प्रशस्तिपत्रकाला इथे कोणी विचारले नाही. चाळिशी उलटल्यावर मी एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. काम होते मालवाहू ट्रकांवरच्या थंडीच्या यंत्रांचे.

या विद्येत ऑस्ट्रेलियाचा मान जुना आहे, हे मला इथे आल्यावर कळले. व्हिक्टोरिया प्रांतातल्या जिलाँग गावी जेम्स हॅरिसन नावाचा एक वर्तमानपत्राचा संपादक होता. छापखान्यातले खिळे ईथरने धुताना धातू गार पडतो, हे त्याने पाहिले, आणि त्यावरून १८५०च्या दशकात बर्फ करणारे यंत्र उभे केले. पुढे १८७३ साली त्याने 'नॉरफोक' जहाजातून गोठवलेले मांस इंग्लंडला धाडले. वाटेत थंडी टिकली नाही, मांस नासले आणि तो कर्जबाजारी झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८८० च्या फेब्रुवारीत, 'स्ट्रॅथलेव्हन' जहाजाने ऑस्ट्रेलियाचे गोठवलेले मांस लंडनला सुखरूप पोचवले. थंडी निर्माण करणे एक आणि ती मुक्कामापर्यंत टिकवणे दुसरे, हा धडा त्या बिचाऱ्या हॅरिसनने फार महाग घेतला.

आमच्याकडे एक वयस्क ग्रीक गृहस्थ येत असे. स्वतःच ट्रकचा मालक, स्वतःच ड्रायव्हर. पहाटे पायरमाँटच्या बाजारातून मासळी उचलायची आणि पश्चिमेकडच्या उपनगरांतल्या दुकानांना पोचवायची, हा त्याचा धंदा. ट्रक जुना, त्यावरचे यंत्र त्याहून जुने. कॉम्प्रेसर ट्रकच्या इंजिनाजवळ बसवलेला, पट्ट्यावर फिरणारा. तिथून नळ्या मागच्या पेटीपर्यंत नेलेल्या. त्यात आर-१२ हा गॅस. हा अमोनियासारखा बोलका नाही. त्याला वास नाही, रंग नाही. गेला तरी कळत नाही.

१९८४ च्या उन्हाळ्यात तो ट्रक सहा आठवड्यांत तीनदा आला. नळीवरच्या काचेत बुडबुडे दिसत, म्हणजे गॅस कमी. फोरमन म्हणे, "भर आणि सोड." मी भरी आणि सोडी. गिऱ्हाईक रांगेत असे, बिल लगेच होई. गळती असल्याशिवाय गॅस कमी होत नाही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण हेल्परने बोलायचे कशाला, असे मनाशी म्हणून मी गप्प राहिलो. नव्या देशात नोकरीची भीती फार असते, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे.

तिसऱ्या खेपेनंतर आठवड्याच्या आत, फेब्रुवारीच्या उन्हात, भर वाटेवर पेटी तापली. सारी मासळी फेकून द्यावी लागली. तो म्हातारा वर्कशॉपच्या पायरीवर येऊन बसला. आरडाओरडा केला नाही. मोडक्या इंग्रजीत एवढेच विचारले, "तीनदा भरलास, तो गॅस जातो कुठे?"

मला उत्तर देता आले नाही. घरी आलो तरी जेवण गोड लागेना. दुसऱ्या दिवशी मालकांना गाठले आणि रविवारी शेड उघडून मागितली. ते म्हणाले, मजुरी मिळणार नाही. मी म्हटले, चालेल.

रविवारी सकाळपासून शोध सुरू केला. गळती शोधण्याचा एक दिवा असतो. त्याची रबरी नळी सांध्यावरून फिरवायची, हा गॅस आत ओढला गेला की निळी ज्योत हिरवी होते. साऱ्या सांध्यांवरून नळी फिरवली, साबणाचे पाणी लावले. काही नाही. दुपार झाली. मग आपलीच चूक ध्यानात आली: गॅस जवळजवळ संपलेला, आत दाबच नाही, तर ज्योत हिरवी होणार कशी?

दमून इंजिनाशेजारी बसलो. बॉनेटच्या आतल्या बाजूला, कॉम्प्रेसरच्या पुलीच्या समोर, तेलाचा एक पट्टा उडालेला दिसला. तो मी आधीही पाहिला होता. जुने इंजिन, तेल उडणारच, म्हणून सर्वांनी सोडून दिला होता. सहज बोट लावून चिमटीत चोळले. इंजिनाचे तेल काळे, काजळीचे असते. हे होते पातळ आणि वरची धूळ पुसल्यावर स्वच्छ. आजोबा असेच करीत. घाण्यातून उतरलेले तेल चिमटीत चोळून, उजेडाकडे धरून, ते कुठल्या बियांचे आणि किती शुद्ध हे सांगत. लहानपणी आम्ही त्यांची नक्कल करून हसत असू.

या यंत्रात गॅसबरोबर थोडे तेलही फिरत असते. म्हणून जिथून गॅस जातो तिथे तेलाचा डाग राहतो. थोडा गॅस भरून दाब आणला आणि दिव्याची नळी पुलीच्या मागे धरली. ज्योत हिरवीगार झाली. कॉम्प्रेसरचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथले सील गेले होते. पुली आड येत असल्याने साबणाचे पाणी तिथवर पोचलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी नवे सील आणून बसवले. जुन्याच्या कार्बनच्या कडीवर केसाएवढी चीर होती. तेवढ्या चिरेतून एका माणसाची रोजी वाहून जात होती. तेल बदलले, नळीतला ओलावा शोषणारा ड्रायर बदलला, तासाभराहून अधिक वेळ पंपाने हवा ओढून काढली, कारण पाण्याचा थेंब राहिला तर तो आत गोठून वाट अडवतो. मग गॅस भरला. काचेतले बुडबुडे विरले. पुढची चार वर्षे, म्हणजे त्याने ट्रक विकेपर्यंत, त्या यंत्रात पुन्हा गॅस भरावा लागला नाही.

एक गोष्ट राहिली. सील काढण्यापूर्वी उरलेला गॅस मी आकाशात सोडून दिला. त्या काळी सगळेच सोडत. अशा वायूंमुळे ओझोनच्या थराला धोका आहे, असा इशारा मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच दिला होता. पण आमच्या शेडपर्यंत तो आला नव्हता. १९८५ साली अंटार्क्टिकावरची ओझोनची तूट जगजाहीर झाली, १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, आणि १९९६ पासून प्रगत देशांत या गॅसचे उत्पादन थांबले. आज ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय असा गॅस हाताळता येत नाही, आणि जुना गॅस बाटलीत परत भरून घ्यावा लागतो. म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला त्या रविवारी मिळाले, अर्धे कित्येक वर्षांनी. गेलेला गॅस कुठेतरी जातोच.

पुढे मी फोरमन झालो, तेव्हा हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत असे: गॅस भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. आधी डाग शोधा. नोकरी जाण्याची भीती वाटली तर मला येऊन सांगा.

तो ग्रीक गृहस्थ निवृत्त होईपर्यंत दर शुक्रवारी दुपारी आमच्या दाराशी एक स्नॅपर आणून देई. आम्हाला खवल्यांचीच मासळी चालते, हे मी त्याला एकदाच सांगितले होते. तो कधी विसरला नाही. मासा हातात देताना अंगठ्याने दोन खवले उचलून दाखवी आणि हसे. हिरव्या वाटणात, नारळाच्या रसात आमची सौ. तो शिजवी, आणि त्या मासळीला अगदी डॉकवरच्या ताज्या मासळीचा स्वाद असे.