पेटी उघडून पाहिली का?

उर्दू माध्यमात शिकलो, बी.एड. केले आणि उर्दू माध्यमाच्याच शाळेत शिकवतो आहोत. जिभेला 'हम'ची सवय अशी जडली आहे, की मराठीत लिहितानाही 'मी' येत नाही, 'आम्ही'च येते. शाळेतल्या मराठीच्या बाई यावरून आम्हांला हसतात. वाचकांनीही हसावे. पण या लेखात जी चूक सांगायची आहे, ती आमच्या एकटीची आहे. 'आम्ही' म्हणून ती चौघांत वाटून टाकण्याचा इरादा नाही.

बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की बालाघाटाचे डोंगर लागतात. त्याच डोंगरात कपिलधार आहे. संत मन्मथस्वामींची समाधी तिथे आहे, कार्तिकी पौर्णिमेला लिंगायत बांधवांची मोठी यात्रा भरते. पावसाळ्यात कड्यावरून धबधबा कोसळतो, तेव्हा सगळा जिल्हा तिकडे लोटतो. टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या माणसांना वाहते पाणी नुसते पाहायला मिळाले तरी जत्रा वाटते.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सातवीच्या मुलींना घेऊन तिथे गेलो होतो. कड्यावर दोन-तीन घारी फिरत होत्या. एका मुलीने विचारले, "आपा, ये पंख हिलाए बगैर कैसा उडती?" मास्तरीण माणसाला असा प्रश्न म्हणजे ईदच. वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि घार त्या चढत्या वाऱ्यावर पंख पसरून नुसती बसते, हे आम्ही सांगितले. मग ओघात अब्बास इब्न फिरनासचा किस्सा आला. नवव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुबा शहरात या विद्वानाने अंगाला पिसे आणि पंख लावून उंचावरून झेप घेतली आणि तो काही अंतर हवेत गेला, असे पुढच्या काळातल्या इतिहासकार मक्करीने लिहून ठेवले आहे. आम्ही रंगून सांगत होतो. मुली माना वर करून घारी पाहत होत्या.

त्यांतली एक मान वर ठेवूनच मागे सरकली. पायात गुळगुळीत झालेली रबरी चप्पल, खाली शेवाळलेला दगड. ती पडली आणि डाव्या हाताचे हाड मोडले.

प्रथमोपचाराची पेटी आमच्या हातातच होती. चार वर्षे प्रत्येक सहलीला ती आम्ही न चुकता नेत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा उघडली. कापूस पिवळा पडलेला, औषधाची बाटली वाळून कोरडी, कात्री गंजून मिटलेली. हात बांधायला हातभर पट्टीसुद्धा नाही. दर्शनाला आलेल्या एका अनोळखी आजोबांनी खांद्यावरचे उपरणे काढून दिले. त्याची झोळी गळ्यात अडकवून मुलीला जीपमधून बीडला आणले. दवाखान्यात तिची अम्मी आली. भांडली नाही. एवढेच म्हणाली, "आपा, तुम्हारे भरोसे पे भेजी थी."

बी.एड.ला पाठाचे टाचण लिहिताना 'शैक्षणिक साधने' असा एक रकाना असतो. तिथे 'खडू, फळा, तक्ता' असे लिहिले की साधने तयार झाली, असे आम्ही समजत आलो होतो. पेटीही अशीच रकान्यातली. होती, पण तयार नव्हती.

हाच सल मनात घेऊन आम्ही त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला भाईजानकडे गेलो. भाचा इंजिनिअरिंगला आहे. कपिलधारची हकीकत त्याच्या कानावर गेली होती. मन वळवायला म्हणून म्हणाला, "फुप्पी, चला. तुम्हांलाच घार करतो." लोकलने कामशेतला नेले.

कामशेत हे मावळातले लोणावळ्याच्या अलीकडचे स्टेशन. तिथल्या टेकड्यांवर पावसाळा सरला की पॅराग्लायडिंग सुरू होते आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत चालते. ज्याला उडता येत नाही, त्याला पायलट आपल्या पुढ्यात बांधून नेतो. एकाच पंखाखाली दोघे. त्याला टॅन्डम म्हणतात. म्हणजे शिकलेला एक, न शिकलेला एक, आणि दोघांचा जीव एकाच कापडाला टांगलेला. शाळेचा वर्ग यापेक्षा वेगळा काय असतो?

पायलट मावळातलाच तरुण होता. त्याचा पहिला प्रश्न, "मॅडम, वजन?" आम्ही रिवाजाप्रमाणे चार किलो कमी सांगितले. त्याने काही न बोलता काटा पुढे सरकवला. प्रत्येक पंख ठरावीक वजनासाठी बनवलेला असतो. एकट्याचा पंख साधारण पंचवीस चौरस मीटरचा, तर दोघांचा चाळीसच्या आसपास. दोघांचे मिळून वजन फार कमी भरले तर वारा पंखाला हेलकावतो, पंख मिटण्याची भीती वाढते. जास्त भरले तर वेग वाढतो, उतरताना पाय जोरात आदळतात. आमचे लाजेचे चार किलो तिथे हिशेब बिघडवू शकले असते.

मग त्याने कापड गवतावर चंद्रकोरीसारखे पसरले. पुढच्या कडेला कप्प्यांची तोंडे असतात. त्यांतून हवा भरली म्हणजे कापडाचा पंख होतो. एकेक तोंड उघडे आहे ना ते पाहिले. कापड नायलॉनचे असते आणि ऊन हा त्याचा वैरी. उन्हाने कापड जुने झाले की त्यातून हवा झिरपू लागते, म्हणून उडायचे नसेल तेव्हा ते पिशवीत घालून सावलीत ठेवायचे आणि ठरल्या मुदतीत तपासून घ्यायचे. नंतर दोऱ्या. दुरून मांजासारख्या दिसतात, पण खालची एकेक दोरी माणसाचे वजन सहज पेलते. पट्ट्यापासून कापडापर्यंत त्याने त्या बोटांतून सोडवत नेल्या. एका ठिकाणी गवताची काडी गुंतली होती, ती काढली. "एवढीशी काडी?" आम्ही म्हणालो. "वर गेल्यावर हीच गाठ होते, मॅडम."

आम्हांला मामू आठवले. ते विहिरींच्या कामावर यारी चालवायचे. रोज सकाळी यारीची वायर हातात फडके धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपायचे. एखादा तार तुटलेला असला की फडक्याला अडकायचा. खाली उतरणारे मजूर हसायचे, "चाचा, आमच्यावर नाही तर वायरवर तरी भरवसा ठेवा." मामू म्हणायचे, "तुम खाली उतरने वाले, मैं उपर बैठने वाला. भरोसा तुम करो, मैं देखता." त्यांच्या यारीवर कोणी दगावले नाही.

पायलटने पाठीवर बांधायच्या पिशवीतला एक कप्पा दाखवला. त्यात जादा छत्री असते. मोठा पंख वर बिघडलाच, तर ही छत्री फेकायची. आम्ही विचारले, "कधी फेकावी लागली?" तो म्हणाला, "एकदाही नाही." आणि लगेच एक चिठ्ठी काढली. छत्री उघडून, वाळवून, पुन्हा घडी करून बांधल्याची तारीख तिच्यावर होती. बंद राहिली तर घडी चिकटते, ओल धरते, वेळेला उघडत नाही. म्हणून जी कधीच लागली नाही, तीही ठरल्या मुदतीत उघडायची. शेवटी त्याने मुठीच्या पिना जागेवर आहेत का तेही बोट लावून पाहिले.

ती चिठ्ठी हातात घेऊन आम्ही बराच वेळ उभे राहिलो. आमची पेटीही चार वर्षे कधी लागली नव्हती.

पट्ट्या बांधायला तिथे गावातलीच एक मुलगी होती. अनोळखी माणसाच्या पुढ्यात बांधून घ्यायचे हा संकोच आम्हांला होताच, तिने तो अर्धा कमी केला. आधी हेल्मेट. मग मांडीच्या पट्ट्या, नंतर छातीची. मांडीच्या आधी का? तिने सांगितले, की जमिनीवर पायांवर उभे असताना त्या पट्ट्या लावल्यात की राहिल्यात हे कळतच नाही. जमीन सुटली, की सगळे वजन त्यांच्यावर येते. त्या नसल्या तर माणूस खालून निसटतो. आता पुष्कळ ठिकाणी मांडीची पट्टी लावल्याशिवाय छातीचा बकल लागतच नाही, अशी सोय असते. तरी ती प्रत्येक बकल ओढून पाहत होती. आमच्या ओढणीची टोके तिने आत खोचायला लावली, बांगड्या काढून पर्समध्ये ठेवायला सांगितल्या.

मग पायलट मागे उभा राहिला. तराजूच्या दांडीसारखे दोन्ही बाजूंना दोन पट्टे असतात. पुढे आम्ही अडकवलेले, मागे तो, आणि दोघांना उचलणारा पंख तिथेच जोडलेला. प्रत्येक कडीचे तोंड बंद होऊन कुलूप बसले का, हे त्याने पाहिले. एवढे झाल्यावर त्याने दुसऱ्या पायलटला हाक मारली आणि सगळे पुन्हा तपासायला लावले. दुसऱ्याने त्याचे स्वतःचे बकलही ओढून पाहिले. त्याला राग आला नाही. आमच्यात कोणी असे तपासले तर 'मुझपे भरोसा नहीं क्या' म्हणून घर डोक्यावर घेतले असते. आपल्याकडे तपासणे म्हणजे संशय, आणि न पाहता मान डोलावणे म्हणजे इज्जत. उंट आधी बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. त्या दिवशी ती दोरीसकट डोळ्यांनी पाहिली.

"पळा म्हटलं की पळायचं. उडी मारायची नाही. मी सांगेपर्यंत बसायचं नाही," अशा तीन सूचना मिळाल्या. आम्ही बिस्मिल्लाह म्हणून तयार झालो. तो मात्र कडेच्या वाऱ्याच्या पिशवीकडे पाहत होता. ती मध्येच ताठ होई, मध्येच लोळे, मध्येच बाजूला वळे. दहा मिनिटे गेली. मग त्याने आमच्या कड्या सोडल्या. "आज नाही. वारा एकसारखा नाही."

भाचा चिडला. पैसे दिलेत, लांबून आलोय, बाकीचे उडतील तर? पायलट म्हणाला, "पैसे परत घ्या." इतकी तयारी करून 'नाही' म्हणणे हाही तयारीचाच भाग असतो, हे आम्हांला तेव्हा कळले. कपिलधारला शेवाळ दिसत होते. 'आज पाण्याजवळ नाही' एवढेच म्हणायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. पुन्हा कापड, पुन्हा दोऱ्या, पुन्हा पिना, पुन्हा मांडीच्या पट्ट्या. आम्ही म्हणालो, "हे सगळं काल झालं ना?" तो हसला. "मॅडम, तुम्ही शाळेत कालचीच हजेरी लावता का?"

उड्डाणाविषयी फार लिहीत नाही. पाच-सहा पावले पळालो आणि सातवे पाऊल जमिनीला लागलेच नाही. खाली भाताची खाचरे, तळ्याचे पाणी, काडेपेटीएवढी आगगाडी. भीती वाटेल असे वाटले होते, पण मांडीखालच्या पट्टीचा घट्टपणा सारखा जाणवत होता आणि त्यामुळे डोळे मोकळे राहिले. उतरताना त्याने आधीच सांगून पाय खाली घ्यायला लावले, दोन पावले चालवले आणि आम्ही उभे होतो. तेव्हा इब्न फिरनास आठवला. त्याच्या किश्शाचा उरलेला अर्धा भाग आम्ही मुलींना कधी सांगितलाच नव्हता. तो उडाला, पण उतरताना आपटला आणि त्याच्या पाठीला मार बसला. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो आणि त्याने शेपटी केलीच नव्हती, असे मक्करी लिहितो.

पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी वाचली. हिमाचलात कुल्लूजवळच्या डोभी येथे टॅन्डम उड्डाणात एक तरुण पर्यटक मुलगी उंचावरून पडून गेली. तिचा सुरक्षा पट्टा नीट तपासला नव्हता, असे बातम्यांत आले. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यातल्या केरीच्या पठारावरून उडालेली पुण्याची तरुणी आणि तिचा पायलट दोघेही दरीत पडून गेले. आपल्या राज्याने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले, अशा संस्थांना नोंदणी सांगितली. चांगलेच झाले. पण नोंदणीचा कागद दोरीतली काडी काढत नाही. ती बोटांनीच काढावी लागते. त्या मुलींच्या आयांचाही कोणावर तरी भरवसा होताच. भरवसा ही अमानत आहे. देणारा ती डोळे मिटून देतो, म्हणून घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे असतात.

२०२३ साली पाऊस रुसला, सहल निघाली नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुन्हा कपिलधारला जायचे ठरले. या वेळी शाळेच्या पटांगणातच आम्ही मुलींच्या जोड्या केल्या. प्रत्येकीने दुसरीची चप्पल उलटी करून तळवा पाहायचा, ओढणी पाहायची, पाण्याची बाटली हलवून पाहायची. मुली खिदळत होत्या. आम्ही हसू दिले.

जिचा हात मोडला होता, ती आता नववीत होती. तिची अम्मी तिला पाठवेल असे वाटले नव्हते, पण पाठवली. जीपमध्ये बसायच्या आधी ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली. आमच्या हातातल्या पेटीकडे बोट केले.

"आपा, खोल के देखे?"

रात्रीच उघडून, नवी पट्टी, नवी कात्री ठेवून बंद केली होती. तसे सांगता आले असते. आम्ही पेटी जमिनीवर ठेवली आणि तिच्यासमोर उघडली. तिने एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली, कात्री दोनदा उघडझाप केली, आणि मान हलवली.

मग आम्ही निघालो.