घामाची कमाई आणि एक कोरा कागद

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम संपला. खीरदान झाले, पाहुणे गेले आणि त्याच रात्री आम्ही तीन भावंडे आईसमोर बसलो. प्रश्न साधा होता. बाबांनी काय काय मागे ठेवले आहे आणि त्याचे काय करायचे? उत्तर कुणाकडेच नव्हते.

बाबा सरकारी नोकरीत शिपाई म्हणून लागले आणि लिपिक होऊन निवृत्त झाले. शहराच्या कडेला दोन खोल्यांचे घर बांधले, बँकेत ठेव ठेवली. गावी वतनाची थोडी जमीन. वस्तीत कुणाचा जातीचा दाखला अडला, कुणाची शिष्यवृत्ती अडली, तर बाबा अर्ज लिहून द्यायचे. शेकडो लोकांचे कागद त्यांनी पूर्ण केले. स्वतःचा एक कागद मात्र त्यांनी कधी लिहिला नाही.

त्याची किंमत आम्ही आधी दवाखान्यात मोजली. डॉक्टरांनी विचारले, व्हेंटिलेटर लावायचा का? निर्णय कोण घेणार? आम्हा तिघांची तीन मते. बाबांना काय हवे होते, हे आम्ही त्यांना कधी विचारलेच नव्हते. नंतर बँकेत दुसरा धक्का. ठेवीवर थोरल्याचे नाव नॉमिनी म्हणून होते. त्याला वाटले, पैसे त्याचे. त्याच्या मनात लबाडी नव्हती, तो खरोखर तसे समजत होता. नॉमिनी हा फक्त पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक वारसच असतात, हे वकिलाने सांगेपर्यंत घरात आठ दिवस अबोला होता.

तिसरी गोष्ट सांगताना आम्हाला लाज वाटते. भावकीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने सल्ला दिला, "ताईकडून हक्कसोड घेऊन टाका, पुढची कटकट नको." आणि आम्ही भाऊ गप्प बसलो. ताईही सही करायला तयार झाली. माहेर तुटू नये एवढीच तिची इच्छा. तेव्हा आई बोलली, "बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं ते कशासाठी? तुम्ही हिची सही घ्यावी म्हणून?"

मित्रांनो, दरवर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन साजरा करणारे आम्ही. शूद्राने धन साठवू नये, बायकोचे आणि दासाचे स्वतःचे असे धन नसते, असे सांगणारा तो ग्रंथ. 1951 मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला, त्याच्या मुळाशी अडवलेले हिंदू कोड बिल होते. पुढे 1956 च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिला. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. आपण बौद्ध झालो तरी वारसापुरते याच कायद्याखाली येतो. आणि आमच्याच घरात मनू हक्कसोडपत्राचा कागद घेऊन बसला होता!

गावच्या जमिनीची तर वेगळीच कथा. गावाची राबणूक ज्या वतनाने गळ्यात बांधली, त्याविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. 1958 च्या कायद्याने वतन खालसा झाले, जमीन नव्या शर्तीने परत मिळाली. आज आमच्या सातबारावर पणजोबांच्या वारसांची एकतीस नावे आहेत. वाटणी नाही, काहींची वारसनोंदही नाही. कसतो भलताच. पिढ्यान्‌पिढ्या आपण कागद केला नाही, म्हणून हक्क असूनही जमीन हातात नाही.

मृत्युपत्र म्हणजे श्रीमंतांचे काम, असे आपल्याला वाटते. उलट ज्याच्याकडे एकच घर आहे, त्याला कोर्टाची वीस वर्षे परवडत नाहीत. दुसरी सबब, "मरणाचे बोलू नये." विहारात अनित्यतेचे प्रवचन ऐकायचे आणि घरी मृत्युपत्राचा शब्द अशुभ मानायचा, हा कोणता धम्म?

आणि काम अवघड नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही. लिहिणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा. त्याच्या सहीला दोन साक्षीदार हवेत. ते शक्यतो त्याच्यापेक्षा तरुण आणि ज्यांना मालमत्तेतले काही मिळणार नाही असे असावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. मत बदलले तर नवे लिहावे, शेवटचे ग्राह्य धरले जाते. वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र फक्त स्वतःच्या वाट्यापुरतेच लिहिता येते.

नोकरी करणाऱ्या भगिनींनी तर नक्कीच लिहावे. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्राविना गेली, तर तिच्या स्वकष्टाच्या कमाईवर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो, तिच्या आईबापांचा नंतर. हे बहुतेकींना ठाऊकच नसते.

दवाखान्यातल्या निर्णयासाठीही वाट आहे. बरे होण्याची आशा उरली नसेल तेव्हा यंत्रावर ठेवायचे की नाही, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केला. 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने बोलणाऱ्याचे नावही त्यात लिहिता येते.

आमच्या घरी शेवटी चार समान वाटे झाले, आईचा एक आणि आमचे तीन. हक्कसोड कुणी दिले नाही, मागितलेही नाही. मग आईने स्वतःचे मृत्युपत्र केले. अंगठा नाही, सही केली. साठीनंतर प्रौढ वर्गात शिकलेली सही.

बाबासाहेबांनी आपल्याला लिहिते केले ते फक्त निवेदने आणि पोस्टर लिहिण्यासाठी नाही. येत्या जयंतीच्या वर्गणीची बैठक होईल तेव्हा वस्तीत एक तास याही विषयाला द्या. वकील आपल्यातच आहेत, त्यांना बोलवा. आणि त्याआधी आजच घरी एक प्रश्न विचारा. आपला कागद कुठे आहे?

जयभीम!