मागील दारची पडवी

घराची पुढची खोली वाढवायची असली म्हणजे घरातली मंडळी चार-चार महिने खल करतात. पाहुणे कोठे बसतील, उजेड कोठून येईल, वडिलांची तसबीर कोणत्या भिंतीवर शोभेल, सगळ्याचा विचार होतो. स्वयंपाकघर वाढवायचे म्हटले की मात्र एकच वाक्य पुरते : ‘मागची भिंत पाडू या.’ माझ्या लग्नाला एकेचाळीस वर्षे झाली. तेवढ्या काळात हे वाक्य आमच्या मुलुंडच्या घरात मी निदान सात वेळा ऐकले आहे. यंदा ते प्रथमच कागदावर उतरले.

कागद मोठा देखणा होता. मुलाच्या ओळखीच्या एका तरुण वास्तुशिल्पज्ञाने तो काढला होता. आमचे स्वयंपाकघर दहा फूट रुंद आणि आठ फूट खोल. त्याच्या पश्चिमेला सहा फुटांची कौलारू पडवी. कागदावर ही पडवी नाहीशी झाली होती. तिच्या जागी स्लॅब, पश्चिमेला भिंतभर सरकती काच, आणि मध्ये एक लांबलचक ओटा. कुंडीत एक झाडही काढले होते. परसातला खराखुरा कढीपत्ता मात्र नकाशात कोठे दिसला नाही.

आता जागा हवी होती, यात खोटे काही नाही. सूनबाई संध्याकाळी साडेसातला लोकलमधून उतरून घरी येते आणि पदर नव्हे, ओढणी खोचून ओट्याशी उभी राहते. त्या वेळी मी पोळ्या लाटत असते. दोघींची कोपरे एकमेकींना लागतात. मधूनच मुलगा पाण्याची बाटली काढायला येतो आणि शीतकपाटाचे दार उघडतो, की एकीने बाहेर जायचे. ‘आई, तुम्ही बसा, मी करते,’ असे ती म्हणते त्यात माया असतेच, पण थोडी जागेची टंचाईही असते.

स्वयंपाकघराचा शास्त्रशुद्ध विचार जगात झालेला नाही असे नाही. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन बाईने जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातील नव्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. रुंदी साधारण १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. आगगाडीच्या भोजनडब्यातील मुदपाकखाना तिने नजरेसमोर ठेवला होता. गृहिणीची पावले मोजून, प्रत्येक डबा हाताशी येईल अशी तिने मांडणी केली. तसली सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. तोवर आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, असे या बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे! आमची खोली त्या खोलीहून दहा-एक चौरस फुटांनी मोठीच आहे. मग अडचण का? एक तर फ्रँकफुर्टच्या खोलीत एकटी बाई राबायची. आमच्याकडे एकटीने कोणी कधी काही केल्याचे मला आठवत नाही. आणि दुसरे, तिकडे उन्हाची वाट पाहतात. इकडे ऊन वाट पाहत बसलेले असते.

म्हणून मी कागद घडी घालून डब्याखाली ठेवला आणि एक उदबत्ती घेतली.

हा प्रयोग कोणीही करावा. खर्च काही नाही. दसरा झाला की मुंबईकडचा पाऊस परततो, वारा पडतो, दुपारचा पारा मेच्या जवळपास जातो. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण चकल्या तळायला बसतो. स्वयंपाकघराची खरी परीक्षा वैशाखात होत नाही, ती आश्विनात होते. गेल्या वर्षी फराळाच्या चार दिवसांत मी दर दोन तासांनी उदबत्ती पेटवून ओट्यावर ठेवली. सकाळी धूर सरळ वर गेला आणि छताशी तरंगत राहिला. दुपारी समुद्राकडचा वारा डोंगर ओलांडून आला, तेव्हा पडवीच्या दारातून गार झुळूक आत शिरली आणि धूर माजघरात निघून गेला. म्हणजे हवा आत यायला वाट होती, बाहेर जायला नव्हती. ‘मोठी चिमणी बसवू, ती सगळा धूर ओढील,’ असे मुलाचे म्हणणे. पण धूर बाहेर फेकणाऱ्या यंत्रालासुद्धा आत येणारी हवा लागतेच. ती कोठून घ्यायची, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही. शिवाय ती झुळूक गार का होती? पडवीच्या सावलीतून, ओल्या फरशीवरून ती येत होती म्हणून. पडवी गेली की वारा राहील, गारवा जाईल.

दुसरा प्रयोग वरवंट्याचा. १५ मेच्या सुमारास भर दुपारी मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर येतो. परसात उभ्या केलेल्या वरवंट्याला त्या वेळी सावली नसते. २७ जुलैच्या सुमारास पुन्हा तसेच होते, पण तेव्हा ढगांमुळे कोणाच्या लक्षात येत नाही. या दोन दिवसांच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. अर्थ असा, की आपल्याकडे उन्हाचा मोठा मारा भिंतीवर नसतो, छपरावर असतो. आणि दुपार कलली की पश्चिमेच्या भिंतीवर. कागदावर नेमका छपराला उघडा स्लॅब होता आणि पश्चिमेला काच! स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते परत देतो. सूनबाई घरी येते त्याच सुमारास. कौले तापतात तशी लवकर निवतातही, आणि त्यांच्या फटींतून ऊन हवा निसटून जाते. आमच्या पडवीवर मंगळुरी कौले आहेत. बाझेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून ही तांबडी कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. माकडांनी फोडली नाहीत तर त्यांना मरण नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे वाक्य नीट कळेल.

मी हे बोलले तेव्हा ‘आईला जुने ते सोने वाटते,’ असे म्हणून हे हसले. पण चार्ल्स कोरियांना कोणी जुनाट म्हणणार नाही. मुंबईत पूर्व-पश्चिम दिशांना वाराही चांगला आणि देखावाही चांगला. मात्र कडक ऊन आणि झोडपणारा पाऊस यांच्याही दिशा त्याच. जुन्या बंगल्यांनी यावर तोड काढली ती राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून. हाच विचार धरून कोरियांनी १९८३ साली पुरी झालेली ‘कांचनजंगा’ ही २८ मजली इमारत बांधली. अठ्ठाविसाव्या मजल्यावर ज्याची गरज भासते, ते तळमजल्यावर पाडून का टाकावे?

पावसाचे तर विचारूच नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या रात्री आमच्या मागच्या दारी पाणी पडवीच्या जोत्याला लागले आणि तेथेच थबकले. स्वयंपाकघरात गॅस पेटत होता. शेजारची दोन कुटुंबे आमच्याकडे पिठले-भात जेवली.

पण खरे कारण याहून वेगळे होते आणि ते कोणी तोंडाने बोलत नव्हते. पडवीत सासूबाई बसतात. त्या आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. ओट्याशी त्यांना उभे राहवत नाही. सकाळी दहाला पाट टाकून त्या भिंतीला टेकतात; मटार सोलतात, कोथिंबीर निवडतात, लसूण संपला की आणखी मागतात. घरातल्या स्वयंपाकात त्यांचा हात आहे तो या सहा फुटांमुळे. नकाशातल्या लांब ओट्यापुढे पाट मांडायला जागा नव्हती. त्यांना नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, ‘छान आहे हो. यात मी कुठे बसायचं?’

मुलगा गप्प झाला. सूनबाई मात्र उठली आणि कोठीच्या खोलीचे दार उघडून आत उभी राहिली. ही खोली स्वयंपाकघराला लागून उत्तरेकडे, पाच फूट रुंद. वर्षाचे धान्य भरण्याची चाल गेली, तिला कितीतरी वर्षे झाली. आत होत्या दोन ट्रंका, एक मोडका पाळणा आणि सायकलचा पंप. ‘ही मधली भिंत पाडली तर?’ ती म्हणाली. इतकी वर्षे सगळे पश्चिमेकडे पाहत होते!

मग कामे भराभर ठरली. इंजिनियराने भिंत ठोकून पाहिली. तिच्यावर वरच्या मजल्याचा भार नाही, असे त्याने लिहून दिले. घराच्या बाह्य रेषेबाहेर जायचे नसल्यामुळे मागची मोकळी जागा शाबूत राहते. महापालिकेच्या परवानगीचे कागद वास्तुशिल्पज्ञ पाहतो आहे. त्यानेही नवा नकाशा आनंदाने काढला, हे सांगितलेच पाहिजे. खोली आता पंधरा फुटांची होईल. उत्तरेच्या भिंतीत छताशी एक झरोका आणि त्यात पंखा, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या हवेला जायला वाट. पडवीची कौले तशीच. फक्त पागोळ्या आत उडू नयेत म्हणून छपर दीड फूट पुढे ओढायचे आणि पन्हळ लावायची. पडवीत एक बुटका ओटा आणि दुसरी शेगडी, तळणाची. मलेशियात पुष्कळ घरांतून अशी दोन स्वयंपाकघरे असतात, एक ओले आणि एक कोरडे, असे सूनबाईने सांगितले. कोकणातल्या बायकांना हे निराळे सांगायला नको.

राहता राहिली ओट्याची उंची. मी पाच फूट, ती पाच फूट सहा इंच. मला बत्तीस इंच हवे, तिला छत्तीस. काल मिस्त्रीने भिंतीवर खडूने दोन रेघा मारल्या आणि ‘रविवारपर्यंत काय ते सांगा’ म्हणून गेला. आज सकाळी पाहते तो त्या दोन रेघांच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तिसरी रेघ. सासूबाईंच्या बोटांना खडू लागलेला होता.