'पूर्वी' आणि 'पासून'

आपल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या वह्यांत लाल शाई कुठे सर्वाधिक सांडते, असे कोणी विचारले तर माझे उत्तर तयार असते : काळ आणि क्रम दाखवणाऱ्या शब्दांवर. 'सिन्स फाइव्ह इयर्स' हा प्रयोग पुसद-उमरखेडकडचा मुलगा आणि वणी-पांढरकवड्याकडची मुलगी सारख्याच आत्मविश्वासाने करतात. या निवासी शाळेत दीर्घकाळ इंग्रजी शिकवल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, हा त्यांच्या बुद्धीचा दोष नव्हे. मुले प्रामाणिकपणे मराठीत विचार करतात, एवढेच. 'पाच वर्षांपासून' आणि '१९५६ पासून' या दोन्हींना आपल्याला एकच 'पासून' पुरतो. इंग्रजीत मात्र काळ कोठून सुरू झाला हे सांगायला 'सिन्स' आणि तो किती लांबला हे सांगायला 'फॉर' लागतो.

व्याकरणाच्या पुस्तकांतील उदाहरणे बहुधा परक्या घरांतली असतात. मी ती आपल्या घरातून घेतो. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. १९५६ साली बाबासाहेबांसोबत ज्यांनी धम्म स्वीकारला, ते केंद्राच्या लेखी त्या यादीबाहेर गेले. बौद्धांचा त्या आदेशात समावेश झाला तो १९९० च्या दुरुस्तीने. फळ्यावर ही दोन साले लिहून मी मुलांना वजाबाकी करायला सांगतो. उत्तर येते चौतीस. मग वाक्य तयार होते : 'दे वेटेड फॉर थर्टी-फोर इयर्स.' येथे 'सिन्स' का चालत नाही, हे त्यानंतर फारसे समजावावे लागत नाही. ज्याचे आजोबा त्या चौतीस वर्षांत नोकरीसाठी वणवण फिरले, तो मुलगा 'फॉर' विसरत नाही.

'पूर्वी' हा शब्द तर याहून कामसू. 'दोन वर्षांपूर्वी', 'परीक्षेपूर्वी', 'पूर्वी येथे जिनिंग होते', सारे ओझे तो एकटा वाहतो. इंग्रजीत हे काम वाटून दिले आहे. आजपासून मागे मोजायचे तर 'अगो', दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मागे मोजायचे तर 'बिफोर'. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, तेव्हा नागपूर आणि आपले यवतमाळ मध्य प्रदेश राज्यात होते, हे ऐकून मुले चकित होतात. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. म्हणजे दीक्षा पुनर्रचनेच्या अठरा दिवस 'बिफोर'. तेथे 'अगो' लिहिले, तर दीक्षा गेल्याच पंधरवड्यातली ठरेल!

नागपूरनंतर १६ ऑक्टोबरला आपल्या शेजारच्या चंद्रपूरलाही दीक्षा सोहळा झाला. दोन नावे एका दमात सांगून झाली, की पहिल्यासाठी 'फॉर्मर', दुसऱ्यासाठी 'लॅटर'. तिसरे नाव आले की ही जोडी निकामी होते. शिवाय 'लॅटर' म्हणजे दोहोंतला दुसरा आणि 'लेटर' म्हणजे नंतर. त्यात आपण पत्रालाही 'लेटर'च म्हणतो, तेव्हा बिचाऱ्या मुलांनी करावे तरी काय! 'लास्ट' आणि 'लेटेस्ट' यांचा घोळ त्या मानाने लवकर सुटतो. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा बाबासाहेबांचा 'लास्ट' ग्रंथ. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रकाशित झाला. त्याची दुकानात नुकतीच आलेली आवृत्ती ती 'लेटेस्ट'.

पालकांपैकी काहींना वाटेल, एवढ्या बारकाव्यांचे प्रयोजन काय? त्यांनी जातीच्या दाखल्यासाठी केलेली धावपळ आठवावी. आमच्या वर्गात एकाच बाकावर बौद्ध, कोलाम आणि बंजारा मुले बसतात. पहिल्याला १० ऑगस्ट १९५०, दुसऱ्याला ६ सप्टेंबर १९५० आणि तिसऱ्याला २१ नोव्हेंबर १९६१ या मानीव दिनांकांपूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, तो नसेल तर कोतवाल बुकाची नक्कल. त्या कागदावरील तारीख दिनांकाच्या अलीकडची की पलीकडची, यावर एका मुलाचे शिक्षण अडते किंवा सुटते.

आमची एक माजी विद्यार्थिनी परिचर्या अभ्यासक्रमाचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेली होती. गावाहून निघणारी एसटी उशिरा आली. ती पोचली तेव्हा दुपार झाली होती. खिडकीवरील गृहस्थ म्हणाले, "ताई, आज शेवटची तारीख आहे. अर्ज तारखेच्या आधी यायला हवा होता." बरोबर आलेले वडील परत फिरलेही. ती मात्र हलली नाही. तिने सूचनापत्रक काचेला लावले आणि 'ऑन ऑर बिफोर' या तीन शब्दांपैकी पहिल्यावर बोट ठेवले. "सर, यात 'ऑन' आहे. म्हणजे आजचा दिवसही धरला आहे." गृहस्थांनी चष्मा लावला, ओळ पुन्हा वाचली, आतल्या टेबलावर विचारून आले. मग अर्ज घेतला, आणि पोचपावतीवर त्याच दिवसाच्या तारखेचा शिक्का मारून दिला.