चेपॉकचे दोन दिवस

चेन्नईस गेलात, तर मरीनाची वाळू मागे टाकून थोडे शहराच्या बाजूस वळा. अर्काटच्या नवाबांच्या जुन्या राजवाड्याजवळच चेपॉकचे क्रिकेटचे मैदान आहे. खेळ आणि राजकारण यांचा संबंध नाही, असे म्हणणाऱ्याने या मैदानाचे दोन दिवस आठवावेत.

पहिला दिवस 10 फेब्रुवारी 1952 चा. शहराचे नाव तेव्हा मद्रास होते. 1932 पासून कसोटी सामने खेळणाऱ्या भारताने त्या दिवशी इंग्लंडला एक डाव 8 धावांनी हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला. कर्णधार होते सांगलीचे विजय हजारे. विनू मांकड यांनी सामन्यात 12 बळी घेतले. सामना सुरू झाला त्याच दिवशी राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी खेळ थांबला. कालपर्यंत ज्यांचे राज्य होते, त्यांच्यावर हा विजय होता. स्वतंत्र राष्ट्राला त्याचे मोल धावांपलीकडचे वाटले, यात नवल नाही.

दुसरा दिवस 31 जानेवारी 1999 चा. पाकिस्तानचा संघ सुमारे 12 वर्षांनी भारतात कसोटी खेळत होता. दौऱ्याच्या विरोधकांनी दिल्लीच्या मैदानाची खेळपट्टी उखडली होती. चेपॉकवर कडेकोट पहारा होता. 271 धावा हव्या असता भारताचे 5 गडी 82 धावांत गेले. पाठदुखी सोशीत मुंबईच्या सचिन तेंडुलकरने 136 धावा काढल्या. पण 17 धावा उरल्या असता तो बाद झाला. शेवटचे तीन गडी अवघ्या 4 धावांत पडले आणि भारत 12 धावांनी हरला.

क्षणभर मैदान स्तब्ध झाले. मग प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. त्या टाळ्यांत पाकिस्तानच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी घातली.

वाचकहो, या टाळ्यांनी युद्ध टळले नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात कारगिलच्या शिखरांवर आपले जवान धारातीर्थी पडले. राज्यकर्त्यांचे निर्णय प्रेक्षकांच्या हाती नसतात. पण पाहुण्याशी कसे वागावे, हे मात्र त्यांच्याच हाती असते. 1952 साली आपण जिंकायला शिकलो. हरल्यावर कसे उभे राहावे, हे चेपॉकने 1999 साली दाखवले. तो धडा मला अधिक कठीण वाटतो.