परीक्षागृहांतील माझे दोन दिवस

परीक्षा म्हटली कीं आमच्या घरांत दोनच प्रश्न विचारले जातात : गुण किती, आणि नंबर कितवा. मामंजी चौतीस वर्षें शिक्षक होते. त्यांच्यापाशीं एक लांबट वही आहे. तींत घरांतील प्रत्येक मुलाचें नांव, परीक्षा, तारीख आणि गुण असे चार रकाने आहेत. यजमानांचे दहावीचे गुण तींत आहेत, थोरल्या दिरांचे आहेत, आणि आतां जाऊबाईंच्या मुलांचे चढत आहेत. सुनांचीं नांवें मात्र त्या वहींत नव्हतीं, कारण आम्ही दोघी आपापल्या परीक्षा संपवूनच या घरांत आलों होतों.

मी परिचारिका आहें. पुण्यांतील एका रुग्णालयांत चौदा वर्षें काम केलें. लग्न ठरतांना ‘हा कसला पेशा?’ असें सासूबाई एकदां बोलून गेल्या होत्या. त्या तें केव्हांच विसरल्या. मीहि विसरलें असें म्हणतें. पुढें थोरल्या दिरांचा छापखाना बसला, राहत्या घरावर कर्ज झालें, आणि घरांतले सगळे पगार एकत्र केले तरी तें फिटण्याचें लक्षण दिसेना. तेव्हां अडतिसाव्या वर्षीं मीं अमेरिकेंतील नोकरीचा विचार बोलून दाखविला. तेथें परिचारिकेस त्या त्या राज्याच्या मंडळाचा परवाना लागतो, आणि परवान्यापूर्वीं ‘एन्क्लेक्स’ नांवाची परीक्षा द्यावी लागते. कॅनडांतहि २०१५ पासून हीच परीक्षा चालते. ती देण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागत नाहीं, मुंबईंत बसून देतां येते. मात्र मूळ शुल्क २०० डॉलर, आणि परदेशांतील केंद्राबद्दल वर आणखी १५०. म्हणजे तीस हजार रुपयांच्या घरांत खर्च, तोहि उत्तीर्ण होण्याचा भरंवसा नसतांना.

येथें नांवाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण आपल्याकडील विवाहित स्त्रियांस ही अडचण हमखास येते. माझीं प्रमाणपत्रें माहेरच्या नांवाचीं, पासपोर्ट सासरच्या नांवाचा. त्यांतहि मधलें नांव एकीकडे वडिलांचें, दुसरीकडे यजमानांचें. परीक्षेचें अनुमतिपत्र ज्या नांवानें येतें, तें पासपोर्टावरील नांवाशीं जुळलेंच पाहिजे; न जुळल्यास दारांतूनच परत फिरावें लागतें आणि भरलेलें शुल्कहि जातें. अर्ज भरतांना मीं माहेरचेंच नांव लिहून मोकळी झालें होतें. तें सुधारण्यांत, विवाहाचा दाखला पाठविण्यांत आणि उत्तराची वाट पाहण्यांत सात आठवडे गेले. ज्यांच्या घरीं अशी मुलगी किंवा सून असेल, त्यांनीं पुस्तकें आणण्याच्या आधीं हे दोन कागद शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे.

परीक्षेच्या आदल्या दिवशीं मामंजी आणि मी दादरला माझ्या मावशीकडे उतरलों. सकाळीं अर्धा तास आधीं केंद्रावर पोंचलों. परीक्षागृह म्हणतांच माझ्या डोळ्यांपुढें शाळेचा लांबलचक वर्ग, बाकांवर खडूनें घातलेले क्रमांक आणि घंटा, असें चित्र होतें. तेथें तसें कांहीं नव्हतें. कचेऱ्यांच्या इमारतींतला एक मजला, एक टेबल, चार खुर्च्या. सोबत आलेल्या माणसांस केंद्रांत थांबूं देत नाहींत, म्हणून मामंजी समोरच्या उडप्याच्या हॉटेलांत जाऊन बसले.

पासपोर्ट पाहिला, सही घेतली, छायाचित्र काढलें. मग एका लहानशा यंत्रावर तळहात धरावयास सांगितलें. हें यंत्र हाताच्या रेषा पाहत नाहीं, कातडीखालच्या शिरांची जाळी टिपून घेतें. मला हंसूंच आलें. चौदा वर्षें मीं लोकांच्या हातांत शीर शोधली. म्हाताऱ्या माणसाची तर दहा दहा मिनिटें सांपडत नाहीं. आणि ह्यानें माझी क्षणांत शोधली, तीहि सुई न टोंचतां! मोबाईल एका पिशवींत घालून ती बंद केली. घड्याळ, पाकीट, शाल, पाण्याची बाटली, सारें कपाटांत गेलें. मंगळसूत्र मीं मावशीकडेच काढून ठेवलें होतें, कारण दागिन्यांची तपासणी होते आणि ऐन वेळीं दारांत वाद नको होता. हें सासूबाईंना सांगावें कसें, याची मला आठवडाभर चिंता होती. त्या एवढेंच म्हणाल्या, “शस्त्रक्रियेच्या वेळीं काढतातच कीं!” बाह्या वर करून दाखविल्या, चष्मा काढून तपासावयास दिला. हें सर्व सभ्यपणें चाललें होतें, तरी आपण कांहीं अपराध केला आहे कीं काय असें वाटूं लागतें. तसें वाटतें, हें आधीं ठाऊक असलें म्हणजे पुष्कळ झालें.

आंतल्या खोलींत प्रत्येकास आडोसा केलेली जागा आणि एक संगणक. शेजारचा तरुण कांहीं निराळीच परीक्षा देत होता. कागद पेन्सिल नाहीं. पुसतां येईल अशी एक पाटी व लेखणी देतात. कानांत घालावयास बोळे मागितल्यास मिळतात. एकूण पांच तास. दोन तासांनीं, आणि पुन्हां साडेतीन तासांनीं विश्रांति घेतां येते, परंतु तो वेळ त्याच पांच तासांतून जातो.

आतां खरी गंमत, किंवा छळ. ही परीक्षा १९९४ पासून संगणकावर होते, आणि सर्वांना सारखी प्रश्नपत्रिका नसते. आपण उत्तर दिलें कीं यंत्र आपल्या योग्यतेचा अंदाज नव्यानें बांधतें, आणि पुढचा प्रश्न असा निवडतें कीं तो आपणांस येण्याचा व न येण्याचा संभव जवळजवळ सारखाच असावा. बरोबर उत्तर दिल्याचें बक्षीस म्हणजे अधिक अवघड प्रश्न! त्यामुळें हुशार मुलीचीं आणि बेताच्या मुलीचींहि सुमारें निम्मीं उत्तरें चुकतात. फरक प्रश्नांच्या कठीणपणाचा असतो. प्रश्न सोडून पुढें जातां येत नाहीं, मागें वळून दुरुस्ति करतां येत नाहीं. २०२३ च्या एप्रिलपासून कमींत कमी ८५ आणि जास्तींत जास्त १५० प्रश्न असतात. पहिल्या ८५ पैकीं १५ प्रश्न जमेस धरीतच नाहींत, ते पुढच्या परीक्षांसाठीं केवळ पारखून पाहतात. ते कोणते, हें ओळखूं येत नाहीं. पंचाऐंशी झाल्यावर यंत्राची शेंकडा ९५ खात्री पटली कीं तें थांबतें. ज्या मुलीनें जन्मभर पेपर सोडवून बाहेर येतांच गुणांची बेरीज केली, तिला हें फार जड जातें.

माझें यंत्र पंचाऐंशींव्या प्रश्नाला थांबलें. रुग्णालयांतल्या तरुण मुलींकडून मीं ऐकलें होतें कीं लवकर थांबलें तर शुभ. तेंच मीं मामंजींना सांगितलें, आणि डेक्कन क्वीनमध्यें ते सबंध वाट प्रसन्न होते. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं चितळ्यांकडून पेढे आणून वाड्यांत वाटले. केंद्रावर निकाल सांगत नाहींत. दोन कामाच्या दिवसांनंतर थोडी रक्कम भरून तो अनधिकृतपणें पाहतां येतो. मीं पाहिला. मी नापास झालें होतें.

यंत्र खात्री झाली म्हणून थांबतें, हें खरें; खात्री कोणत्या बाजूची, हें थांबण्यावरून कळत नाहीं. मीं पुस्तकांत हें वाचलें होतें, पण सोयीचें तेवढेंच मनांत ठेवलें. पेढे खाल्लेल्या लोकांपैकीं एकानेंहि पुढें विषय काढला नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें. मामंजी दोन दिवस फिरावयास गेले नाहींत.

नापास होणाऱ्यास एक पत्रक मिळतें. त्यांत कोणत्या विभागांत आपण अपेक्षेच्या वर, जवळ किंवा खालीं आहों, एवढें असतें. औषधांच्या विभागांत मी वर होतें. खालीं होतें तें रुग्णसेवेच्या व्यवस्थेंत : चौघांपैकीं आधीं कोणाकडे जावें, कोणतें काम दुसऱ्यावर सोंपवावें, अशा गोष्टींत. (प्रत्यक्ष प्रश्न सांगावयाचे नाहींत, तशी सही मीं दिली आहे.) प्रथम मला राग आला, तीस तीस रुग्ण एकटीनें सांभाळणारीला हें शिकवावें काय? मग सरावाचीं उत्तरें पुन्हां काढून बसलें, तेव्हां दिसलें कीं जेथें तेथें मीं ‘डॉक्टरांस विचारीन’ हेंच उत्तर निवडलें होतें. तें कधीं कधीं बरोबर असतें. परंतु पुष्कळदां आधीं रुग्णाकडे स्वतः पाहून, त्याचा श्वास व नाडी तपासून, स्वतः निर्णय घेणें अपेक्षित असतें. वॉर्डांत तसा निर्णय मीं घेत नव्हतें असें नाहीं. पण घेतला तरी तो वरिष्ठांच्या तोंडून वदवून घेण्याची मला सवय. ही सवय वॉर्डांतच लागली, कीं घरांतहि, याचा मीं फार खोल विचार केला नाहीं.

पुन्हां बसण्यापूर्वीं ४५ दिवस थांबावें लागतें. मीं चार महिने घेतले. पैशांचा प्रश्न होता. तो कोणापाशीं काढण्याचें धैर्य मला नव्हतें. एके दुपारीं सासूबाईंनीं आपल्या मुदतठेवीची पावती माझ्या हातांत ठेवली व म्हणाल्या, “हिची मुदत व्हावयाची आहे, पण मोड. आणि ह्यांना सांगून ठेव, पेढे निकाल लागल्यावर.”

दुसऱ्या खेपेस मामंजी त्याच हॉटेलांत बसले. पंचाऐंशी प्रश्न झाले आणि शहाऐंशींवा समोर आला. माझ्या पोटांत गोळा उठला. मग वाटलें, यंत्राला अजून ठरवितां येत नाहीं, तर आपण तरी कां ठरवावें? विश्रांतींत बाहेर येऊन पाणी प्यालें, पुन्हां तळहात दाखविला, पुन्हां बसलें. शंभर झाले, सव्वाशें झाले. दीडशेंवा प्रश्न संपला तेव्हां मान अवघडली होती. खालीं आलें तों मामंजींनीं नुसतें माझ्याकडे पाहिलें, आणि विचारलें, “कांहीं खाणार का?”

निकाल आला त्या रात्रीं मामंजींनीं वही काढली. नव्या ओळीवर माझें नांव, पासपोर्टाप्रमाणें संपूर्ण, लिहिलें. परीक्षेचें नांव दोनदां विचारून लिहिलें. तारीख लिहिली. मग मान वर केली : “गुण?”

“उत्तीर्णांना कळवीत नाहींत.”

“आणि नंबर?”

“तोहि नसतो.”

त्यांनीं चष्मा पुसला. थोडा वेळ लेखणी तशीच धरली. मग चौथ्या रकान्यांत पट्टी ठेवून एक सरळ रेघ ओढली, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.